हाकीत गेलेले दोन दात

आमच्या ह्यांना पुढचे दोन दात नव्हते, आणि ते लग्नाआधीपासूनच नव्हते. आधीच सांगून टाकते, कारण नातवंडांना वाटतं, आजोबांचे दात माझ्या भाकरीनं पाडले.

हे पलटणीच्या संघात हॉकी खेळायचे. गोल करणारे नव्हेत, आपल्या गोलापुढं उभं राहून समोरच्याला अडवणारे. भरती झाले तेव्हा यांनी हॉकीची काठी पाहिलीसुद्धा नव्हती. पण तालमीतलं अंग, धडक दिली तरी जागचे हलायचे नाहीत, म्हणून साहेबानं मागं उभं केलं. गुडघा निकामी होईपर्यंत तिथंच राहिले. चेंडूकडं न बघता येणाऱ्याच्या कमरेकडं बघायचं, ही कुस्तीतली खोड त्यांना तिथं कामी आली.

मला बघायला आले ते लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, कराडजवळच्या आमच्या गावी. बरोबर त्यांचे चुलते होते. माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशात लढायला गेला तो परत आलाच नव्हता. सोप्यात त्याचा फोटो होता. वडील स्वतः जुने शिपाई, पण त्याच्या मरणाची तार आल्यापासून पेन्शन आणायला जाताना त्यांनी छातीवर बिल्ले लावणं सोडलं होतं.

पाटावर बसून विचारलेलं सांगून झालं, आणि मी आत येऊन दाराआड उभी राहिले. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दात लढाईत गेलं जनू?"

"व्हय की," यांचे चुलते पटकन म्हणाले.

यांनी चहाचा कप खाली ठेवला. "न्हाई. हाकीत गेलं. काठी बसली."

"मग गोल तरी लय केलं असतील?"

"एकबी न्हाई. माझं काम आडवायचं."

सगळे हसले. वडील हसले नाहीत. "लढाईत कुठं हुता?"

"गेलोच न्हाई. तुकडी निघाली तवा साहेबानं यादीतनं माझं नाव काढलं. संघात मागं उभारायला दुसरं कुणी नव्हतं." मग आपणहून म्हणाले, "माझ्या जागी ज्यो गेला, त्यो आला न्हाई."

चुलत्यांनी कपाळाला हात लावला. मला असा संताप आला, की वाटलं, बाहेर जाऊन म्हणावं, उठा आता. माझा भाऊ तिकडं मेला आणि हा इकडं काठी घेऊन उभा होता. पण खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? तोंडात एवढी खिंड असून खोटं काही बाहेर पडलं नाही, हेही त्याच वेळी मनात आलं.

वडील उठून गोठ्यात गेले. सोयरीक मोडली, असं सगळ्यांनी धरलं. चुलते टोपी शोधायला लागले.

वडील बैलांना वैरण टाकून परत आले. फोटोपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोराला असा खेळ येत असता, तर त्यालाबी कुणी मागं ठिवलं असतं." मग यांच्याकडं वळून म्हणाले, "चा गार झाला तुमचा. दुसरा घ्या."

लग्न झालं, तरी माझा राग काही लगेच गेला नाही. जो परत आला नाही, त्याच्या आईला भेटायला हे दर सुट्टीत तासगावकडं जायचे. तिथून आले की रात्री जेवायचे नाहीत. दोन-तीनदा भरलं ताट तसंच उचलावं लागलं, तेव्हा कुठं माझा राग निवला.

साताऱ्याला सामना असला की वडील मोटारीनं यायचे, मैदानाच्या कडेला छत्री उघडून बसायचे. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. सामना संपला की हे सुजलेल्या नडग्या घेऊन लंगडत कडेला यायचे. बाकीचे हारजीत विचारायचे. वडिलांनी ती कधीच विचारली नाही. एरवी जावयाला अहोजाहो करणारा माणूस, पण तेवढ्या वेळी एकेरीवर यायचा.

"आलास परत?" म्हणायचे.

आणि हे खाली बघून म्हणायचे, "आलो, मामा."