तिसऱ्या वेढ्याची कडी

कोर्बिनियान लोहार दारात वाकून शिरावा एवढा उंच, पण काळीज चिमणीचं. त्याची बायको आफ्रा चारचौघांत सांगे, आमचे हे ऐरणीपाशी वाघ आणि चर्चपाशी ससा.

त्याला कारण साखळी. टेकडीवरचं संत लिओनार्डचं चर्च जुनं, टोकदार कमानींचं; भिंतींना बाहेरून दगडी धिरे, जणू म्हातारीला चहूबाजूंनी काठ्या दिल्यात. तिच्या कमरेला ही लोखंडी साखळी. ज्याचं जनावर संतानं वाचवलं त्यानं एक कडी वाहायची, आणि ती कोर्बिनियानच्या घराण्यानं जोडायची. साखळीचे तीन वेढे पुरे झाले की जग बुडणार, असं पणजे सांगून गेलेले. म्हणून त्याच्या बापजाद्यांनी साखळी प्रत्येक धिऱ्याला वळसा घालून नेली होती. कड्या वाढत, वळशांत मुरत; वेढा काही पुरा होत नसे.

गेल्या वर्षी भिंतींना चुना द्यायला साखळी उतरवली, आणि परगावच्या गवंड्यांनी परत टांगताना ती धिऱ्यांवरून सरळ ताणली. तिसऱ्या वेढ्याची टोकं समोरासमोर आली. मध्ये फट उरली चार बोटांची. कोर्बिनियान पाद्रीबाबांकडे धावला. साखळी अडकवलेले आकडे आता चुन्यात पक्के झालेत, उपटले तर दगड सुटतील, असं म्हणून ते हसले. पण फटीकडे पाठ करून उभे राहिले नाहीत.

त्याच हिवाळ्यात आफ्राची माहेरून आलेली घोडी आडवी झाली. आफ्रानं गुपचूप कडीचा नवस बोलला. घोडी उठली.

"अगं, दुसरं काही बोलायचं होतंस! मेणबत्ती, मेणाचा घोडा..."

"संताला कडीच कळते. जग बुडेल तेव्हा बुडेल हो. नवस बुडवला तर घोडी उद्याच जाईल."

कोर्बिनियाननं हाताला येईल तितकी लहान कडी घडवली. एका टोकाला अडकवली, दुसरं टोक मोकळं सोडलं. नवस फिटला, वेढा काही मिटला नाही. मध्ये दोन बोटं जागा. गावानं मग त्याला सोडलं नाही. "लोहारदादा, दोन बोटांत जग राखलंत म्हणे," असं खाटीकसुद्धा विचारी, आणि विचारून झाल्यावर टेकडीकडे एकदा बघून घेई.

गवतकापणी आली. यंदा ऊन असं, की विहिरीचा कठडा पोळे. उन्हात लोखंड वाढतं, हे लोहाराला कोण सांगणार? कोर्बिनियान भरदुपारी जेवण टाकून टेकडी चढला. दक्षिणेच्या भिंतीवर साखळी तापून किणकिणत होती. त्यानं फटीत बोटं घातली.

एकच मावलं. आणि ऊन अजून चढायचं होतं.