चार दारांसमोरचा ओटा

जळगावात मी बारा घरांची एक इमारत बांधली. बांधली म्हणजे नकाशा माझा. पैसा आणि मिजास बिल्डरची. प्रत्येक मजल्यावर चार दारं समोरासमोर, मध्ये ऐसपैस मोकळी जागा आणि तिथे कडप्प्याचा ओटा. ऊन उतरलं की माणसं बाहेर येतील, भाजी निवडत बसतील, एकमेकांची विचारपूस करतील, असं माझं स्वप्न. बिल्डर म्हणाला, "मॅडम, गप्पा मारायला फ्लॅट कोण घेतं?" मी त्याच्याशी महिनाभर भांडले आणि जिंकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

वडील गेल्यावर आई चोपड्याजवळच्या गावात एकटी पडली होती. तिला बोलायला माणसं मिळावीत म्हणून मी याच इमारतीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं आणि आम्ही दोघी तिथे राहू लागलो. कामावर निघताना मी तिला ओट्यावर बसवूनच जायची. ती "नको" म्हणायची, ते मला गावाकडचं बुजरेपण वाटायचं.

मग शेजाऱ्यांनी आपले गुण उधळले. एकाने ओट्यावर चपलांचं कपाट आणून ठेवलं. दुसऱ्याने कूलर असा बसवला की गार वारा त्याला आणि घरघर बाकीच्यांना. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त हेडक्लार्क होते. ऑफिसातली सत्ता गेली, म्हणून जिन्यावर गाजवायचे. त्यांनी ओट्याच्या वरच 'येथे बसू नये' अशी पाटी ठोकली. मी ती उपटली. त्यांनी परत ठोकली, मी परत उपटली. त्या माणसाचा चेहरा दिसला तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची.

शेवटी मीटिंग झाली. पहिल्या मजल्याने अर्ज दिला होता: ओटा तोडा आणि प्रत्येक दारापुढे लोखंडी जाळी लावून ज्याची त्याला जागा द्या. मी फाडफाड बोलले. तुम्हाला शेजार नको, गुरांसारखे गोठे हवेत, असंही म्हणाले. सेक्रेटरी जराही चिडले नाहीत. "ताई, आधी अर्ज तर वाचा," म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला. खाली चार सह्या होत्या. पहिली माझ्या आईची, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर सुटं.

अंगाचा तिळपापड झालेल्या अवस्थेतच मी घरी आले. आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून गवार निवडत बसली होती.

"माय, तुनासाठे करा व्हता मी तो ओटा!"

"माले इचारं व्हतं का तू?" ती मान वर न करता म्हणाली. "येनारा-जानारा बठ्ठा तठेच उभा ऱ्हास. पोर सासरले कव्हय जाई, जवाई काब्र येत नही, रोज तेच. मी काय सांगू त्यासले?"

धुळ्याचं सासर सोडून मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्याबद्दल इमारतीत मला एकानेही कधी छेडलं नव्हतं. शहरातल्या माणसांना तेवढी तरी समज आहे, असं मी मानत होते. माझ्या वाटचे सगळे प्रश्न आई झेलत होती, आणि तेही मी रोज हाताला धरून जिथे बसवायची तिथे.

"मंग माले सांगं काब्र नही?"

"तू एवढी हौसनी बसाडे," ती म्हणाली आणि गवारीची टोपली उचलून उठली.

जाळीचा नकाशा मीच काढून दिला. ओटा फुटला त्या दिवशी सेक्रेटरी कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांच्यावर ओरडायला मला तोंड उरलं नव्हतं. माणसांनी भेटावं म्हणून मी एवढी जागा सोडली. कोणालाही न भेटता घरात शिरायला माझ्या आईला मी एक दारसुद्धा ठेवलं नव्हतं.