न पिणाऱ्याचा केसपेपर

गजानन नाखवाला डॉक्टरने फसवलं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाच्या केसपेपरवर त्याने ‘रोज मद्यपान’ लिहिलं आणि हृदयाची तपासणी तिथेच संपवली. गजादादाला जाऊन दीड महिना झाला. त्या सकाळी मी डोंबिवलीजवळ मानपाड्याला माझ्या दुकानाचं शटर वर करत होते, तेवढ्यात त्याच्या मुलीचा, नयनाचा फोन आला. “मावशी, पप्पा टेम्पोत चढता चढता पडले...” मी आधी डॉक्टरला शिवी घातली, मग रडले.

माझं नट-बोल्टचं दुकान. साताऱ्याहून आले तेव्हा हातात काही नव्हतं. एमआयडीसीतल्या कंपन्यांशी भांडून, घासाघीस करून धंदा उभा केला. पहिल्या दिवसापासून ठाण्याहून माल आणायचा तो गजादादाचा टेम्पो. खाडीकाठच्या कोळीवाड्यातला रांगडा माणूस, सगळ्यांनाच अरे-तुरे. भाड्यावरून मी तासभर वाद घातला तेव्हा म्हणाला, “वयनी, तू मावरं विकायला बसलीस ना, तर आमच्या बायका टोपल्या उचलून घरी जातील!” बाप दारूपायी गेलेला. शेजारी बसलेल्याच्या तोंडाला वास आला की हा मुकाट्याने टेम्पोची काच खाली करायचा, मग बाहेर पाऊस असो नाहीतर धूळ. कोळीवाड्यातल्या हळदीला सगळे प्यायला बसत, तेव्हा हा जेवणाची पानं वाढत फिरायचा.

तीनेक वर्षांपूर्वी त्याची छाती धडधडायला लागली. माझ्या काउंटरच्या काचेवर बोटाने ठोके वाजवून दाखवायचा. टक... टक... टकटकटकटक... आणि मग बोट नुसतंच हवेत. “आन मंग थांबतंय बग. डोल्यांपुढं काळोख येतो.” मी त्याला ओढून डोंबिवलीतल्या हृदयाच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तिथेही त्याने टेबलावर तेच ठोके वाजवले. डॉक्टरने बोटांकडे पाहिलं, पत्त्याकडे पाहिलं. “कोळीवाड्यात राहता ना? रोज किती घेता?” “घेत नाय.” “सगळे असंच सांगतात,” म्हणत माझ्याकडे वळला, “बोटं बघा, थरथरतायत.” कार्डिओग्राम त्या घटकेला नॉर्मल आला. पित्ताच्या गोळ्या दिल्या, दारू सोडा म्हणाला. आणि मी... पाव किलो बोल्टसाठी अर्धा तास भांडणारी मी, “हो सर” म्हणून उठले. येताना टेम्पोत, सिग्नलला, पायाशी पडलेली फाइल उचलायच्या निमित्ताने वाकले आणि हळूच त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. पण त्याने पाहिलं. त्याने काच खाली केली.

पुढच्या वर्षी माझंच हृदय उड्या मारायला लागलं. तोच डॉक्टर, तीच खुर्ची, माझाही कार्डिओग्राम नॉर्मल. पण मला त्याने विचारलं, “टेन्शन आहे का?” आणि स्वतःच म्हणाला, “हे दोन मिनिटांत सापडत नाही,” म्हणून छातीवर चोवीस तासांची मशीन लावली. दोष सापडला, गोळ्या सुरू झाल्या, आज मी हे लिहायला जिवंत आहे. बाहेर टेम्पोत गजादादा थांबला होता. गळ्यातल्या वायरी बघून म्हणाला, “मना का नाय लावली गो?” मी तशीच आत घुसले, आरडाओरडा केला. “त्यांची केस वेगळी आहे,” डॉक्टर म्हणाला. वेगळी कशी? माझं आडनाव आणि त्याचा पत्ता, एवढाच फरक!

मग त्याला ठाण्याला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरणीने त्याच्या मनगटाला हात लावायच्या आधी फाइलमधला जुना केसपेपर उघडला. “दारू सोडली का?” मी म्हटलं, आधी ते खोडा. “आधीच्या डॉक्टरांनी लिहिलंय मॅडम, मी कसं खोडणार?” गजादादा उठला. “चल वयनी. यांनी मना पाजलीच हाय.” त्यानंतर तो कुठल्याच दवाखान्याची पायरी चढला नाही. मी चिडले, हातापाया पडले, माल दुसऱ्या टेम्पोने आणीन अशी धमकी दिली. हसायचा नुसता.

आता माल दुसराच टेम्पो आणतो. काउंटरच्या काचेवर माझंच बोट त्याचे ठोके वाजवत बसतं. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईला घाई आहे. त्या डॉक्टरकडे मी दोनदा जाऊन आले. भेट मिळाली नाही, म्हणून इथे लिहिते आहे. नाव छापत नाही, पण वाचून त्याला कळेल. टेम्पोत वाकून मीही वास घेतला होता, हे आज सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या वाटणीचं उत्तर मी दिलं. आता डॉक्टर, तुम्ही नयनासमोर बसा आणि सांगा, तिचे पप्पा “घेत नाय” म्हणत असताना तुम्ही ते कोणाला विचारून लिहिलंत?