मामेसासरे आणि वीस लिटरचा कॅन

माझ्या बायकोच्या मामांनी फेसाला जेवढा मान दिला, तेवढा उभ्या आयुष्यात कुणा माणसाला दिला नसेल. मला तर नाहीच. मी त्यांचा भाचेजावई. आखाती लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा कुवेतमधल्या अब्बासिया भागात माझ्या दोन खोल्यांत ते आठवडाभर म्हणून राहायला आले आणि तीन वर्षं राहिले. सासरकडचं माणूस, त्यात वयाने मोठं. जा कसं म्हणणार? मूळचे रत्नागिरीकडचे, पाईपफिटर, हाताला गुण. पहाटे कंपनीच्या बसने कामावर जायचे आणि परत आले की माझ्या बाथरूममध्ये बिअर लावायचे. ज्या देशात बाटली सापडली तर इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून घरी धाडतात, तिथे. बरं, स्वतः थेंबही घेत नसत. पित्त होतं म्हणे. प्यायचो मी, दर शुक्रवारी, दोन ग्लास. हे आधीच सांगून टाकतो, नंतर धीर होणार नाही.

साहित्य साधंच. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याकडे, बिनदारूच्या माल्टचे डबे मिळत. त्यात साखर आणि यीस्ट घालून सगळं पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटर कॅनमध्ये ओतलं की मामांचं खरं काम सुरू व्हायचं. त्यांना बिअरशी काही देणंघेणं नव्हतं. आतला वायू बाहेर पडावा आणि बाहेरची हवा आत शिरू नये, एवढ्या एकाच प्रश्नाने त्यांना झपाटलं होतं. आधी त्यांनी कॅनच्या तोंडाला फुगा बांधला. तो भोपळ्याएवढा झाला आणि मी दाढी करत असताना फुटला. हनुवटीवरची खूण अजून आहे. मग रबरी हातमोजा आला. तो फुगून पाची बोटं वर करून उभा राहायचा आणि मामा येता-जाता त्याला नमस्कार करायचे. मग सलाईनची नळी, एक टोक कॅनमध्ये, दुसरं पाण्याच्या बाटलीत. बेसिनखालचा पाईप वाकडा का असतो आणि त्यात साठलेलं पाणी वास कसा अडवतं, हे ते आल्यागेल्याला चहाबरोबर ऐकवत. पाहुणे बिचारे हात न धुताच उठायचे. पण त्या बारीक नळीत फेस जाऊन अडकला, आणि मामा दिवसभर सुतक असल्यासारखे बसून राहिले. शेवटी धुण्याच्या मशीनचा जाड पाईप आणला आणि नियम केला. कॅन गळ्यापर्यंत भरायचा नाही, पहिले चार दिवस जाड पाईपचं तोंड बादलीतल्या पाण्यात, आणि फेस बसला की मगच बारीक नळी. फेसाला दटावून भागत नाही, जाऊ द्यावं लागतं, असं मला दहादा बजावलं. ते चार दिवस मी त्या गुडगुडणाऱ्या बादलीशेजारी अंघोळ करायचो. माणसाला कशाचीही सवय होते.

मामांच्या मुक्कामाच्या तिसऱ्या वर्षी बायकोचा आणि मुलीचा व्हिसा आला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मुलगी मला फोटोवरून ओळखत होती. तिकिटं पंधरा दिवसांवर. मी मामांना म्हटलं, आता हे आवरा, काही झालं तर माझा इकामा जाईल आणि त्या दोघी तिथेच राहतील. हा शेवटचा कॅन, भाची यायच्या आत उरकतो, म्हणाले. कुवेत सिटीतल्या ऑफिसात दिवसभर फायली उपसून आलेला माणूस मी. वाद घालायचं त्राण कुणाला होतं?

त्या कॅनचा तिसरा दिवस शुक्रवारचा. मामा ओव्हरटाईमला गेलेले. सकाळीच हारिस, म्हणजे इमारतीचा इजिप्शियन राखणदार, एसीवाल्याला घेऊन दारात उभा. आत बादलीचं गुडगुडणं रंगात आलेलं. त्यांना बसवलं, बाथरूममध्ये गेलो, पाईप पाण्यातून काढला आणि जुन्या बनियनचा बोळा करून त्याच्या तोंडात गच्च कोंबला. दहा मिनिटांचा तर प्रश्न. एसीवाल्याने दीड तास लावला. हारिसने चहाचा दुसरा कप हातात घेतला आणि आत बार झाला. थोड्या वेळाने दाराखालून पांढरा फेस सावकाश बाहेर येऊ लागला. हारिसने नाक वर केलं. मी म्हटलं, इडलीचं पीठ. शेजारी केरळचे बिऱ्हाडकरू असल्याने त्याला इडली चांगली माहीत होती.

मामा परतले तेव्हा घरमालकही येऊन बसला होता. मामांनी छताला चिकटलेला फेस पाहिला, पाईप उचलला. बोळा अजून त्यात तसाच होता. बनियन कुणाचं, हे त्यांना विचारावं लागलं नाही, आमचे कपडे तेच वाळत घालायचे. त्यांनी बोळा ओढून काढला, खिशात घातला आणि मोडक्यातोडक्या अरबीत मालकाला म्हणाले, "हे सगळं माझं. याला काही माहीत नाही, हा दिवसभर ऑफिसात असतो."

मालक भला माणूस. पोलीस नकोत म्हणाला, जावई राहू दे, पण हा इसम मला या देशात दिसायला नको. मामांच्या कंपनीने त्यांना आठवड्याच्या आत विमानात बसवलं. विमानतळावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "पोरीला एसीसमोर झोपवू नका, जावईबापू. सर्दी होते," एवढं म्हणून आत गेले.

पुढच्याच आठवड्यात त्या दोघी आल्या. मुलगी तिथेच वाढली, तिथेच शिकली. मामा आता नाहीत. पण होते तोवर दर सुटीत आम्ही त्यांच्या घरी जायचो, आणि दर सुटीत बायको त्यांना तेच ऐकवायची: काय तो तुमचा नाद मामा, तुमच्यापायी यांची नोकरी जात होती. मामा खाली बघून म्हणायचे, "चुकलं गं पोरी." आणि मी शेजारी बसून चहा पीत असे.