लिंबाखालचं जहाज

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नातीला झोका देणं. पोरगी कॉलेजात शिकणारी, अन् दोन म्हातारे तिला झोके देतेत. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय करायलाव वो? पंचमी तर कवाच झाली!"

म्हातारी म्हणाली, "जहाज चालवायलोत. बसतीस का? पर ओकलीस तर तूच पुसायचं."

नात लातूरला शिकते, राहते आमच्यापाशी, लातूरकडच्याच मुरुडजवळच्या गावात. आमच्याकडं समुद्र कुठला, तळं बी उन्हाळ्यात आटतं. पण कॉलेजातून पोरापोरींना शिडाच्या जहाजावर शिकायला नेतात, त्यात हिचा नंबर लागला. पहिल्या खेपेला आठवडाभर जाऊन आली. सगळ्यांनी मिळून दोर ओढायचे, अनवाणी डेक घासायचा, डोलकाठीवर चढायचं, आळीपाळीनं पहारा द्यायचा. तेवढं जमलं. पण जहाजाच्या पोटातल्या सैपाकघरात लसूण सोलायला बसली की ओकायची. तिथं ओकलं म्हणून सुट्टी नाही. बादली जवळ घ्यायची, तोंड धुवायचं, पुन्हा कामाला बसायचं. आता मोठ्या फेरीचं बोलावणं आलं, तर ही म्हणायली, "मला न्हाई जमायचं, आज्जी."

म्हातारी ऐकणारी नव्हती. तिनं मला लिंबाला झोका बांधायला लावला. जहाज आडवं बी डुलतं असं नात म्हणाली, म्हणून फळीला दोन्ही अंगांनी दोर लावले. एकीकडून ती ओढायची, एकीकडून मी. मधी पोरगी, वटीत लसूण. रोज हेच. त्या दिवशी सकाळी पोरीनं दोन गड्डे सोलले अन् ओकली नाही. म्हातारी खूश झाली. म्हणाली, "उद्या हिला न्यायला जीप यायच्या आधी अजून एकदा बसवू. मी जरा पडते."

जेवायला उठवायला गेलो, तर अंग गार.

नांदेडहून लेक आला, पोरीचा बाप. दिवस मावळता शेतात माती दिली. घरी आल्यावर लेक म्हणाला, "अप्पा, आता कशाचं जहाज? लोकं काय म्हणतील?"

मी म्हणलं, "आपल्यात सुतक पाळतेत का? न्हाई ना. मग लोकांचं मला सांगू नको."

नात भिंतीला टेकून बसलेली. "मीच न्हाई जाणार, आबा."

मी तिची पिशवी उचलून दारापाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला उठवलं. "चल. म्हातारीनं काय सांगितलं होतं?" झोक्यावर बसवलं, लसणाचा गड्डा वटीत टाकला. माझ्या अंगाचा दोर ओढला. फळी तिरकी फिरली. तिकडून ओढायला कोण? दोर सोडला, वळसा घालून म्हातारीच्या जागी गेलो, तिकडून ओढलं. पुन्हा इकडं. गुडघे बोंबलायले होते, बोंबलू दे. लेक ओट्यावरून उतरून तिकडचा दोर धरायला आला.

"त्यो ऱ्हाऊ दे," मी म्हणलं. "तू जीप थांबव जा."

पोरगी रडत म्हणाली, "आबा, दमलात. बास की."

"तू लसूण सोल."

सोलला. रडली लई, पण ओकली नाही. मी तिला हाताला धरून जीपमध्ये बसवलं, पिशवी तिच्या पायापाशी ठेवली. घरात येऊन तोच लसूण ठेचला अन् वरणाला फोडणी दिली. जरा करपली. मी अन् लेक जेवलो.