मिशीवरचं पीठ

पाठांतर नाही म्हणून आयुष्यभर पोरांच्या हातावर छड्या ओढणारा मी मास्तर. पेन्शनीत निघालो, धुळ्याच्या घरी ओट्यावर बसून राहिलो आणि दोन-तीन वर्षांत माझंच पाठांतर गेलं. नशिराबादचे व्याही आले असताना, त्यांच्या घरी दिलेल्या माझ्या लेकीचं नाव मला आठवेना. व्याही बशीतल्या चहाकडे बघत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पुढे पांझरेच्या काठावर फिरायला गेलो, तर परतीची वाट चुकलो. मग एकट्यानं बाहेर जाणंही बंद झालं. वैद्य म्हणाले, "बसून बसून डोकं जड झालंय. रोज घाम निघेल असं काही करा." आता या वयात तालमीत जाऊन लंगोट लावू की काय?

"मन्हासंगे दळाले बठा," बायको म्हणाली. "कडी लावी लेसू. कोन देखस तुमले?"

बाईमाणसाचं काम! तरी बसलो. पहाटे कडी लावून आम्ही समोरासमोर बसायचो, जात्याच्या खुंट्यावर दोघांचा एकेक हात. सुरुवातीला दम लागायचा, मग मी चिडायचो, जात्यावर आणि तिच्यावरही. ती दळता दळता मला लेकीच्या गावची वाट विचारायची.

"पारोळा गया. आते?"

"एरंडोल."

"मंग?"

तिथं अडायचो. पण रोज घाम गाळून पावसाळा सरेस्तोवर अंग हलकं झालं, डोकंही. जळगाव आठवू लागलं, नशिराबाद आठवलं आणि एका पहाटे लेकीचं नावही. बायकोला केवढा आनंद झाला होता!

दिवाळीच्या आधी व्याही न कळवता पहिल्या मोटारीनं आले. दळण अर्धं टाकून मी कडी काढली. लेकीची खुशाली तिच्या नावानिशी विचारली, तसे ते खूश झाले. मग त्यांची नजर माझ्या मिशीवरच्या पिठावर गेली, तिथून जात्याकडे.

मी घाईघाईनं म्हणालो, "काय करणार? हिच्या हातात आता जोर नाही. डोकंही चालत नाही हिचं. मलाच बघावं लागतं सगळं."

ती माझ्या मागेच उभी होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली. व्याही हळहळले. लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश त्यांनी तिला विचारलं, "विहीणबाई, मले वयखलं का?"

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून घेतला.

"नही," ती म्हणाली. "कोन शेतस तुम्ही?"

मला लाज वाटली, आजही वाटते. पण तेव्हा मी तोंड उघडलं नाही.