सेंट पॅट्रिकचा नारळी पाव

ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगायची टाळली. २०२० साली मी आयर्लंडमध्ये, सँट्रीत मुलाकडे अडकून पडलो होतो. शेजारी कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरची एक नर्स राहायची. बाल्कनीतून ओळख झाल्यावर मी सवयीने विचारलं, "गाव कुठलं? जिल्हा कुठला?" आपल्याकडे हे कशासाठी विचारतात, ते मराठी माणसाला सांगायला नको. गावावरून घराणं काढायचं, घराण्यावरून जात.

तिला वाटलं, म्हाताऱ्याला खरंच उत्सुकता आहे. "आमच्या जिल्ह्यांना पॅरिश म्हणतात. दहाही संतांच्या नावाचे. माझा सेंट पॅट्रिक, इथल्या लोकांचा सगळ्यात लाडका संत. म्हणजे या लोकांपेक्षा मीच जास्त आयरिश!" म्हणत ती खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी तिने तिच्या पॅरिशमध्ये करतात तसा नारळाचा पाव आणून दिला.

मी तो चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला.

"बाबा, अहो काय करताय?" मुलगा ओरडला.

"कोरोना आहे ना," मी म्हणालो. त्याच सकाळी खालच्या मजल्यावरच्या मराठी घरून आलेल्या पुरणपोळ्या मात्र मी तूप घालून खाल्ल्या होत्या. आठवलं की आजही स्वतःची शिसारी येते.

पुढच्या वर्षी तिला स्लायगोच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. निरोप घ्यायला आली तेव्हा दारातूनच तिने विचारलं, "अंकल, पाव आवडला होता ना?"

"ग्रँड," तिथले लोक 'छान' म्हणायला म्हणतात तसं मी म्हणालो. "टाकून दिला गं मी तो, माझं चुकलं," हे म्हणायचं तसंच राहून गेलं.